नोटीस काळातील हक्काची रजा

मार्च 2023मध्ये वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातील नोकरीचा मी राजीनामा दिला, तेव्हा नोटीस 60 दिवसांची होती आणि माझ्या खाती 19 दिवसांची अर्जित रजा (काम करून साठलेली पगारी रजा) शिल्लक होती. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मी 6 दिवस मागितले, तर "रजा घेतलीत तर तितके दिवस नोटीस वाढेल," असे कार्यालयाने सांगितले, अर्थात तोंडीच. दांडिया बाजारातल्या घरी नेमणूकपत्र काढून पुन्हा वाचले, तेव्हा तशी अट त्यात कुठेच सापडली नाही. चूक मात्र माझीही होती: तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम, 1948च्या कलम 79नुसार रजेचा लेखी अर्ज किमान 15 दिवस आधी द्यावा लागत असे आणि मी तो जेमतेम 5 दिवस आधी दिला होता. शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलून मी नवा अर्ज केला, त्याला कोणते काम कोणाकडे सोपवणार याचा तक्ता जोडला आणि नोटीस कोणत्या अटीनुसार वाढणार, एवढेच लेखी विचारले. उत्तर आले नाही. रजा मंजूर झाली. उरलेल्या 13 दिवसांचे पैसे कायद्याने नोकरी सोडल्यानंतर दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी मिळायला हवे होते, ते आठवडाभराने, एका स्मरणपत्रानंतर, खात्यात आले.