‘टिकाऊ’साठी इंग्रजी शब्द निवडताना या चुका टाळा

समानार्थी शब्दांच्या यादीत ड्युरेबल, परमनंट, इटर्नल, क्रॉनिक, लाँग-स्टँडिंग ही सगळी मंडळी एकाच ओळीत बसलेली दिसतात. त्यातला कुठलाही उचलला तरी चालेल असं वाटतं आणि ‘लाँग-स्टँडिंग बॅटरी’सारखी वाक्यं तयार होतात. स्पेलिंग बरोबर, व्याकरणही बरोबर, त्यामुळे चूक सापडतही नाही. म्हणून शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: टिकतंय ते नेमकं काय, आणि ते टिकणं हवंसं आहे की नकोसं?

वस्तू आणि नातं यांना एकच विशेषण लावणं

ड्युरेबल म्हणजे वापर आणि झीज सोसणारं. बूट, कापड, बॅग, फरशी यांना ते शोभतं. परिणामासाठी लास्टिंग घ्या: लास्टिंग इम्प्रेशन म्हणजे मनावर कायम राहिलेला ठसा. बॅटरी, रंग, अत्तर यांच्यासाठी लाँग-लास्टिंग. लाँग-स्टँडिंग मात्र मागे पाहणारा शब्द आहे. जे फार पूर्वीपासून आजवर चालत आलंय त्यालाच तो लागतो: जुना वाद, जुनी प्रथा, जुना ग्राहक. कालच घेतलेली वस्तू कितीही मजबूत असली तरी लाँग-स्टँडिंग होत नाही. लाँग-टर्मची नजर बहुतेकदा पुढे असते, म्हणून तो योजना, कर्ज आणि गुंतवणुकीबरोबर येतो.

क्रॉनिकचा अर्थ ‘गंभीर’ असा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण तिच्यामुळे माणसं विनाकारण घाबरतात. रिपोर्टवर क्रॉनिक दिसलं की आजार हाताबाहेर गेला असा समज होतो. पण हा शब्द ‘काळ’ या अर्थाच्या क्रोनोस या ग्रीक शब्दावरून आलाय आणि तो आजाराची तीव्रता सांगत नाही, मुदत सांगतो. हिपॅटायटिस बीचा संसर्ग ६ महिन्यांहून जास्त राहिला की त्याला क्रॉनिक म्हणतात. उलट अॅक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं, आणि ते जिवावर बेतणारंही असू शकतं. मधुमेह क्रॉनिक आहे, तरीही तो नीट आटोक्यात ठेवून वर्षानुवर्षं कामं करणारे असंख्य लोक आहेत. आपल्याकडचा ‘जुनाट’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

जुनाटसारखाच क्रॉनिकही नकोशा गोष्टींनाच लागतो: खोकला, टंचाई, बेकारी. क्रॉनिक मैत्री असं कुणी म्हणत नाही. प्रोलाँग्ड आणि प्रोट्रॅक्टेड यांचाही सूर असाच आहे, लांबत गेलेला आणि रेंगाळलेला. वाटाघाटी प्रोट्रॅक्टेड झाल्या म्हटलं की लोक कंटाळलेत हे त्यातच येतं. पर्सिस्टंट मात्र दोन्हीकडे चालतो, आपल्या ‘चिवट’सारखा. ताप पर्सिस्टंट असतो, तसे प्रयत्नही असतात.

परमनंट, इटर्नल आणि सस्टेनेबल यांची सरमिसळ

परमनंट म्हणजे अनंतकाळ नव्हे, तर ज्याच्या शेवटाची तारीख ठरवलेली नाही ते. नोकरी परमनंट असली तरी निवृत्ती येतेच. पर्माफ्रॉस्ट या नावातही परमनंटच दडलेला आहे, पण शास्त्रीय व्याख्येप्रमाणे सलग २ वर्षं गोठलेली जमीनसुद्धा पर्माफ्रॉस्ट ठरते. इटर्नल मात्र काळाच्या पलीकडचं, आदि-अंत नसलेलं. सत्य किंवा आत्मा यांच्याविषयी लिहिताना तो वापरा, फर्निचरसाठी नको.

इथे आपल्याच भाषेमुळे एक खड्डा पडलाय. सस्टेनेबल डेव्हलपमेंटला आपण ‘शाश्वत विकास’ म्हणतो. मग उलट भाषांतर करताना ‘इटर्नल डेव्हलपमेंट’ लिहिलं जातं. पर्यावरण आणि विकासावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७च्या अहवालातली कल्पना वेगळी होती: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील. त्यात अमरत्वाचा संबंध नाही.

थोडक्यात काही घसरगुंड्या

इनडेफिनिट आणि इन्फिनिट एक नाहीत. बेमुदत संप इनडेफिनिट असतो, म्हणजे तो कधी संपेल हे ठरलेलं नाही; पण तो संपतोच. पेरेनिअल झाड म्हणजे २ वर्षांहून जास्त जगणारं. ते बारा महिने हिरवंच असेल असं नाही, हिवाळ्यात त्याचा वरचा भाग वाळूनही जातो. बारमाही हिरवेपणा सांगायचा असेल तर एव्हरग्रीन म्हणा. लाइफलाँग मित्र असतो, पण वॉरंटी लाइफटाइम असते. तिथे लाइफ कोणाचं, हे अटींमध्ये वाचून घ्या. अनेकदा ते तुमचं नसून वस्तूचं असतं.

शब्द बरोबर, वाक्य चुकीचं

‘दोन वर्षांपासून’ हे डोक्यात असल्यामुळे आपण ‘सिन्स टू इयर्स’ लिहितो. सिन्सनंतर सुरुवातीचा क्षण येतो: सिन्स २०२२. कालावधी सांगायचा तर फॉर: फॉर टू इयर्स. लास्ट हे क्रियापद वापरतानाही ‘माझे बूट लास्टिंग आहेत सिन्स टू इयर्स’ अशा थाटाची रचना होते. त्याऐवजी ‘माय शूज हॅव लास्टेड फॉर टू इयर्स’ लिहा. आणि बॅटरी किती चालते हे सांगायचं तर साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘द बॅटरी लास्ट्स टेन अवर्स.’