‘काकू, गुणा करू की भाग देऊ?’ : शाब्दिक उदाहरणांतल्या या चुका टाळा

इंदूरला रामबागेत माझ्या घरी संध्याकाळी तिसरी ते पाचवीची मुलं गणिताला येतात. काही हिंदी माध्यमाची, काही इंग्रजी. शाळेत ‘परिमाप’ नाहीतर ‘पेरिमीटर’ आणि घरी परिमिती. भाषांचा हा गुंता मुलं आपली आपण सोडवतात, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती एका प्रश्नाची. उदाहरण अर्धंही वाचून झालेलं नसतं आणि वहीतून मान वर येते : ‘काकू, गुणा करू की भाग देऊ?’

या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. उदाहरणात काय घडलं हेच ज्याला अजून कळलेलं नाही, त्याला क्रिया सांगून काय उपयोग? ती बेरीज-वजाबाकी माझी होईल, त्याची नाही.

खुणेचे शब्द हुडकणं

मुलांना कुणीतरी एक तक्ता पाठ करून दिलेला असतो. ‘एकूण’ दिसलं की बेरीज किंवा गुणाकार, ‘वाटले’ दिसलं की भागाकार, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. या तक्त्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानंही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तक्ता समोर ठेवूनच जी उदाहरणं रचलेली असतात तेवढीच त्यानं सुटतात. जरा वेगळं उदाहरण आलं की मूल अडकतं.

ही तीन पाहा. ‘दुकानात एकूण ९६ केळी आहेत. ती ८ टोपल्यांत सारखी भरली. एका टोपलीत किती?’ ‘एकूण’ वाचून मुलं गुणतात आणि एका टोपलीत ७६८ केळी ठेवतात. ‘९ मुलांना प्रत्येकी ६ लाडू वाटले. किती लाडू लागले?’ इथे ‘वाटले’ आहे, म्हणून ९ ला ६ नं भाग, बाकी ३. आणि तिसरं : ‘ईशाकडे २४ गोट्या आहेत. त्या ओमच्या गोट्यांच्या तिप्पट आहेत. ओमकडे किती?’ तिप्पट म्हणजे तीननं गुणायचं हे इतकं घोटवलेलं असतं की ओमकडे ७२ गोट्या येतात. तिप्पट कुणाच्या, हे कुणी विचारतच नाही. खरं उत्तर ८.

एकदा मी फळ्यावर लिहिलं : ‘एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचं वय किती?’ हे उदाहरण माझं नाही. १९८०च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात गणित शिकवण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ते प्राथमिक शाळेतल्या मुलांना घातलं होतं, आणि बहुतेक मुलांनी दिलेले आकडे जुळवून कप्तानाचं वय काढून दाखवलं होतं. माझ्या घरीही ३६ आलं. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, ‘वय कसं कळणार?’ मग तिनं शेजारच्या वहीत ३६ पाहिलं, आपलं वाक्य खोडलं आणि ३६ लिहिलं. ती खोडलेली ओळ मला फार लागली. बरोबर विचार करणाऱ्या मुलीला आपणच आकड्यांपुढे गप्प बसायला शिकवलं होतं.

माझा उपाय साधा आहे. उदाहरणातले आकडे मी बोटानं झाकते. ‘काही केळी आहेत. ती काही टोपल्यांत सारखी भरली.’ आता सांग, काय झालं? एका टोपलीत दुकानातल्या केळ्यांपेक्षा जास्त असतील की कमी? एवढं तोंडानं सांगता आलं की बोट उचलते. या पद्धतीनं तासाभरात पाच-सहा उदाहरणंच होतात. काही पालकांना हे आवडत नाही, दुसरीकडे तासाला वीस होतात असं ते सांगतात. होत असतील. मी पाचच करते.

परिमिती विचारली, क्षेत्रफळ काढलं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की पाचवीची वही उघडतानाच हात जरा कचरतो. पण तिच्याबद्दल मी मुलांना रागावत नाही, कारण त्यातली सगळ्यात मोठी चूक माझ्या हातून झाली आहे.

आमच्या गल्लीतल्या गणपतीचं टेबल ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद होतं. चारही बाजूंनी झालर लावायची होती. चौथीतल्या एका मुलाला मी म्हटलं, मोज आणि किती लागेल ते काढ. त्यानं टेपनं मोजलं, चिठ्ठी आणून दिली : ‘६ × ३ = १८ फूट’. मी १८ पाहिलं, शाबासकी दिली. झालर मीटरवर मिळते, म्हणून शीतलामाता बाजारातून साडेपाच मीटर आणली. ती टेबलाभोवती फिरून अगदी पहिल्या टोकाला टेकली. मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो.

तीन दिवसांनी त्याच्याच घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. ते टेबल ४ फूट बाय ३ फूट. आता तो घरातला जाणकार झाला होता. त्यानं आईला सांगितलं, चार त्रिक बारा, बारा फूट पुरे. तिनं पावणेचार मीटर झालर आणली. संध्याकाळी लावायला घेतली तर मागच्या बाजूला जवळजवळ दोन फूट लाकूड उघडंच राहिलं. लागणार होती ४ + ३ + ४ + ३, म्हणजे १४ फूट. त्याच्या आजीनं जुन्या साडीचा काठ काढून तेवढा तुकडा शिवून दिला, म्हणून वेळ निभावली. मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. ‘काकू, तुम्हीच तर बरोबर म्हणाला होता.’

त्याचं म्हणणं खरं होतं. चिठ्ठीवर गुणाकाराचं चिन्ह लिहिलेलं होतं आणि मी ते पाहिलं नव्हतं. मी फक्त उत्तर पाहिलं. ६ आणि ३ या बाजूंची गंमत अशी की परिमिती १८ फूट येते आणि क्षेत्रफळही १८ चौरस फूट येतं. पूर्ण आकड्यांच्या बाजू घेतल्या तर असे आयत दोनच : एक ६ बाय ३ आणि दुसरा ४ बाय ४ चा चौरस. त्या दोन्हींत चुकीची रीत बरोबर आकडा देते. आकडा जुळला की मुलाची खात्री पटते, आणि पटलेली खात्री उपटून काढायला महिने लागतात. तेव्हापासून मी उत्तराच्या आधी मांडणी तपासते, आणि सुरुवातीच्या सरावात हे दोन आयत ठेवत नाही. शेवटी मुद्दाम देते आणि विचारते : ६ बाय ३ ची परिमितीही १८ आणि क्षेत्रफळही १८, मग दोन्ही एकच का? अठरा फूट दोरी असते, अठरा चौरस फूट चटई असते. दोरीनं टेबल झाकून दाखवा.

शिकवताना मी सूत्र बरंच उशिरा सांगते. आधी हात. बोट कडेकडेनं फिरतं ती परिमिती, तळहात पूर्ण पृष्ठभागावर फिरतो ते क्षेत्रफळ. कुंपण, झालर, चौकट, मैदानाला फेरी : बोट. फरशी, रंग, चटई, गवत : तळहात. उदाहरण वाचताना मूल टेबलावर नकळत बोट किंवा तळहात फिरवायला लागलं की मी निश्चिंत होते.

मोठ्यांचाही इथे एक गैरसमज असतो. क्षेत्रफळ सारखं म्हणजे परिमिती सारखी, असं अनेकांना वाटतं. इंदूरमध्ये घरोघरी प्लॉटच्या गप्पा चालतात, म्हणून मी तेच उदाहरण घेते. २० बाय ५० आणि २५ बाय ४०, दोन्ही प्लॉट १००० चौरस फूट. पण पहिल्याला कंपाउंडची भिंत १४० फूट लागते, दुसऱ्याला १३०. भिंत बांधायला दिली की या दहा फुटांचे पैसे मोजावे लागतात.

फरशीची उदाहरणंही याच घरातली. खोली १२ फूट बाय १० फूट, फरशी २ फूट बाय २ फूट. मुलं १२० ला २ नं भागून ६० लिहितात. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला विचारा, तो भागाकार करत नाही. एका ओळीत सहा, अशा पाच ओळी, तीस. मीही चौकटीच्या वहीत तसंच काढायला लावते. क्षेत्रफळ म्हणजे ओळी गुणिले ओळीतली घरं, हे डोळ्यांनी दिसलं की ‘लांबी गुणिले रुंदी’ वेगळं पाठ करावं लागत नाही.

बाकीचं काय करायचं?

‘१३० मुलांना महेश्वरला सहलीला न्यायचं आहे. एका बसमध्ये ४० मुलं बसतात. किती बस लागतील?’ भागाकार सगळ्यांना येतो. उत्तर लिहिलं जातं : ‘३ बस, बाकी १०’. मी एवढंच विचारते, त्या दहा जणांना फाटकापाशी उभं ठेवायचं का? मग चार होतात.

हा घोळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : एका बसमध्ये ३६ सैनिक, सैनिक ११२८, बस किती? भागाकार सुमारे ७० टक्के मुलांनी बरोबर केला, पण ३२ हे उत्तर चौथ्या हिश्श्याहूनही कमी मुलांनी लिहिलं. बऱ्याच जणांचं उत्तर ‘३१, बाकी १२’ असं होतं. तेरा वर्षांची मुलं, म्हणजे आपल्याकडची सातवी-आठवी. तिसरी-चौथीत सवय लागली नाही तर ती पुढे आपोआप लागत नाही.

बाकी उरली की एक वाढवायचा, असाही नियम करून देऊ नका. तो लगेच पुढच्या उदाहरणात फसवतो. ५० मीटर कापडातून प्रत्येकी ३ मीटरचे कुडते काढले तर १६ च होतात, उरलेल्या २ मीटरचा सतरावा कुडता होत नाही. आणि ७ पोळ्या दोघांत वाटल्या तर उरलेली पोळी मोडून प्रत्येकाला साडेतीन मिळतात. बसमध्ये बाकी वाढवते, कापडात सोडून दिली जाते, पोळीत मोडली जाते. कुठे काय करायचं ते उदाहरणातल्या वस्तूवर ठरतं. म्हणून उत्तर आकड्यात नको, पूर्ण वाक्यात हवं : ‘सहलीसाठी ४ बस लागतील.’ वाक्य लिहिताना मूल पुन्हा एकदा गोष्टीकडे वळतं. नुसत्या आकड्याला मी अर्धेच गुण देते आणि यावर वाद घालत नाही.

आणखी काही, थोडक्यात

आयताच्या दोनच बाजू दिलेल्या असतात, म्हणून परिमितीत दोनच मिळवल्या जातात. आकृती काढून चारही बाजूंवर आकडे लिहायला लावा.

८१६ ला ८ नं भागून १२ लिहिणं. मधलं शून्य गळतं. आधी विचारा, ८०० ला ८ नं भागलं तर किती? शंभर. मग १२ कसे येतील?

१ मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, असं समजणं. ते १०,००० असतात. रद्दीचे कागद चिकटवून मीटरभर लांबी-रुंदीचा चौरस जमिनीवर पसरा. त्यात बोटाच्या नखाएवढे शंभरच चौकोन मावतील का, हे मग मूलच सांगतं.

एक बाजू फुटांत आणि दुसरी इंचांत असताना तशीच गुणणं. यावर काही सांगण्यासारखं नाही, वाचायची घाई असते.

‘३ ने जास्त’ आणि ‘३ पट’ यांत गल्लत. गोट्या मांडून दाखवा.

पाढे येत नसताना शाब्दिक उदाहरणांकडे वळणं. पाठांतराच्या मी विरोधात नाही. अडखळतात सगळे सात आठेपाशी, आणि आमच्या मुलांना त्यासाठी इंदूरची छप्पन दुकान ही खाऊगल्ली आहेच. एका रविवारी पोहे-जिलेबी खाताना सात आठे छप्पन्न एकदा मनात बसलं की पुन्हा हलत नाही.

शेवटची एक चूक मी मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण ती हुशार मुलं करतात. आपला इंदूरचा राजवाडा सात मजली आहे. समजा, एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायला २० पायऱ्या आहेत. सगळ्यात खालच्या मजल्यापासून सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत किती पायऱ्या? सात गुणिले वीस, १४०, असं झटक्यात उत्तर येतं. पण सातांपैकी सगळ्यात खालच्या मजल्यावर तर आपण उभेच असतो. जिने सहा, पायऱ्या १२०.

अंगणातल्या पणत्यांचंही तेच. १२ फुटांच्या सरळ भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत दर २ फुटांवर एक पणती ठेवली तर ६ नाही, ७ लागतात. मग अंगण १२ बाय १२ चं चौरस असेल आणि चारही कडांवर पणत्या लावायच्या असतील तर? मुलं सात चोक अठ्ठावीस म्हणतात. मी वाद घालत नाही. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी अंगणात खडूनं चौरस आखते, मुलांच्या हातात २८ रिकाम्या पणत्या देते आणि बाजूला होते. चौथ्या कडेच्या शेवटच्या कोपऱ्यावर आलं की तिथे पणती आधीच ठेवलेली असते. कुणीतरी मागे वळून पहिला कोपरा पाहतं, मग दुसरा, तिसरा. प्रत्येक कोपऱ्याची पणती दोनदा धरली गेली होती. हातात चार पणत्या उरतात. गेल्या वर्षी एका तिसरीतल्या मुलीनं त्या चार पणत्या माझ्यासमोर धरल्या आणि म्हणाली, ‘काकू, परिमिती ४८, दर दोन फुटांवर एक, मग चोवीसच. गोल फिरलं की शेवट येतच नाही ना?’