फिशटँकचं पाणी कुंड्यांना घालताना

फिशटँकचं पाणी बदललं की ते मोरीत ओतू नका, पण त्यालाच खत समजून निवांतही बसू नका. त्यातलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून तयार होणारं नत्राचं रूप) 40 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 40 मिलिग्रॅम असलं तरी लिटरमागे नत्र जेमतेम 9 मिलिग्रॅम. लिटरभर पाण्यात ग्रॅमभर 19-19-19 हे विद्राव्य खत (19 टक्के नत्राचं) विरघळवलं तर हेच नत्र 190 मिलिग्रॅम मिळतं. टँकमधला खरा माल तळाच्या गाळात: विष्ठा आणि उरलेलं खाणं. म्हणून वरवरचं पाणी मगाने काढू नका, सायफनचं (पाणी ओढायच्या नळीचं) तोंड खडीत खुपसून गाळासकट ओढा. नळीला तोंड लावायचं नाही. नळी पाण्याने भरा, टोकावर अंगठा दाबून ते खालच्या बादलीत न्या आणि सोडा. हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घाला.

60 लिटरच्या टँकमधून आठवड्याला पाव हिस्सा काढला तर 15 लिटर मिळतं. 8 इंची कुंडीला पाऊण लिटर धरा, वीस कुंड्या भागतात. फिल्टरचा स्पंजही त्याच बादलीत पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि ते तपकिरी पाणीही वाया जातं.

बोटाच्या पेरभर माती कोरडी लागली तरच पाणी घाला. गाळ वर साचला की शेवाळं धरतं, चिलटं होतात. त्यामुळे आधी माती खुरप्याने हलवून घ्या. ताटलीत उतरलेलं पाणी ओतून टाका.

मनी प्लँट, सिंगोनियम, अरेका पाम, स्पायडर प्लँट या पाण्यावर खूश असतात. कॅक्टसला क्वचितच द्या. कीटकभक्षी झाडांना अजिबात नको, त्यांना साधं पावसाचं पाणीच मानवतं. कच्ची खायची कोथिंबीर, पुदिना यांनाही नको. तुळशीवरून घरात कुणी हरकत घेतली तर वाद घालू नका, बाकी कुंड्या आहेतच.

खाऱ्या पाण्याच्या टँकचं पाणी कुठल्याच कुंडीला चालत नाही. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये खडेमीठ, मेथिलीन ब्लू हे माशांचं औषध किंवा तांब्याचं औषध घातलं असेल, तर ते पाणी आणि पुढच्या दोन-तीन वेळचं पाणी मोरीतच सोडा. पाणी उडून जातं, मीठ मातीत साठत राहतं. पानांच्या कडा करपायला लागल्या तर कुंडीच्या मापाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू ओतून माती धुऊन काढा.

काढलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. उद्यावर ठेवलं तर वास मारतं, आणि आठवडाभर राहिलं तर डासांच्या अळ्या होतात. बादलीत त्या खायला मासे नसतात.