वर्गबहुपदी आणि तिचा आलेख शिकवताना या चुका टाळा

२क्ष² − ८क्ष + ६ = ० हे समीकरण सोडवताना मुलं आधी २ ने भागून घेतात, आणि ते बरोबरच आहे. पण य = २क्ष² − ८क्ष + ६ चा आलेख काढायला सांगितला की हात सवयीनं तेच करतो. मुळं (य शून्य करणाऱ्या क्ष च्या किमती) १ आणि ३ तीच राहतात, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो तो बिंदू, मात्र (२, −२) ऐवजी (२, −१) वर येतो आणि वक्र पसरट होतो. शून्याला २ ने भागलं तरी शून्यच; आलेखात मात्र प्रत्येक य निम्मा होतो. दोन्ही वक्र एकाच आलेख कागदावर, दोन रंगांत काढून घ्या. फळ्यावरच्या लांबलचक स्पष्टीकरणापेक्षा हे लवकर पटतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सपाट तळ. य = क्ष² − ३क्ष + २ मध्ये क्ष = १ आणि क्ष = २ ला य शून्य येतो, आणि मुलं हे दोन बिंदू पट्टीनं जोडून टाकतात. खरा तळ (१.५, −०.२५) वर असतो. मुळांचा मध्य कोष्टकात घालायलाच हवा, मग तो अपूर्णांक का असेना. शिरोबिंदूचं सूत्र त्यानंतर द्या. आधी दिलं तर ते नुसतं पाठ होतं.

एखादा बिंदू वक्राबाहेर पडला तर बहुधा (−२)² चे −४ झालेले असतात. क्ष च्या किमती एकेकानं वाढवत नेल्या असतील तर कोष्टक तपासणं सोपं आहे. क्ष² − ४क्ष + ३ साठी क्ष = −१ पासून ५ पर्यंत य च्या किमती ८, ३, ०, −१, ०, ३, ८. लगतचे फरक −५, −३, −१, १, ३, ५, म्हणजे दरवेळी २ ची वाढ. जिथे ही वाढ बिघडते, तिथेच आकडेमोड चुकली.

वजा चिन्ह पाहून (क्ष − ३)² चा वक्र डावीकडे सरकवणाऱ्याला एकच विचारा: कंस शून्य कधी होतो? क्ष = ३ ला, म्हणजे वक्र उजवीकडे सरकतो.

एवढं झालं की उलटा प्रश्न द्या. वक्र (१, ०), (३, ०) आणि (०, ६) मधून जातो, तर राशी कोणती? बरेच जण (क्ष − १)(क्ष − ३) लिहून थांबतात. त्यांना क्ष = ० ठेवायला लावा. उत्तर ३ येतं, हवेत ६. म्हणजे बाहेर २ राहून गेला.