चष्मा, लेसर आणि फौजेची मेडिकल

माझं सगळं घोडं पाऊण नंबरावर अडलं होतं. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ३.७५, वर अर्धा सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर. पदवीनंतरच्या प्रवेशांसाठी लष्कराची मर्यादा आहे उणे ३.५० च्या आत, तीही सिलिंडर धरून. म्हणजे लेखी परीक्षा निघाली असती, एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, निघाली असती आणि डोळ्यांच्या खोलीतून मी परत इंदूरला आले असते. हे मला विसाव्या वर्षीच कळलं, म्हणून वेळेत काही करता आलं. ज्यांना मेडिकलच्या दिवशी कळतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खरं म्हणजे त्यांना ते त्या दिवशी कळू नये, यासाठी.

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. महूची लष्करी छावणी इथून बसने तासाभराच्या आत, त्यामुळे फौज आमच्याकडे वर्तमानपत्रातली गोष्ट नाही. बाबांचे एक स्नेही सुभेदार म्हणून निवृत्त होऊन महूलाच राहिले. मी एनसीसीत 'सी' सर्टिफिकेटची तयारी करत होते तेव्हा ते एकदा घरी आले. माझा चष्मा पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "नोटिफिकेशनचं मेडिकलचं परिशिष्ट वाचलंस का?" मी अभ्यासक्रम पाठ केला होता, मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवले होते. परिशिष्ट मात्र उघडलंसुद्धा नव्हतं. त्या रात्री ते मी दोनदा वाचलं.

त्यातून पहिली गोष्ट उमगली ती ही, की चष्मा म्हणजे अनफिट नव्हे. भंवरकुव्याच्या क्लासेसमध्ये हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मला अजून त्याचा राग येतो. एनडीएच्या लष्कर शाखेला आणि बारावीनंतरच्या टेक्निकल एंट्रीला उणे २.५० च्या आतला नंबर चालतो. चष्म्याविना दोन्ही डोळ्यांनी किमान ६/३६ वाचता यायला हवं (म्हणजे निरोगी डोळ्याला ३६ मीटरवरून दिसणारं अक्षर सहा मीटरवरून) आणि चष्मा लावून दोन्ही डोळे स्वतंत्रपणे ६/६ व्हायला हवेत. पदवीधर प्रवेशांना, म्हणजे सीडीएस (यूपीएससीची लेखी परीक्षा), एनसीसी स्पेशल एंट्री, टीजीसी (इंजिनिअरांसाठीची) वगैरेंना, उणे ३.५० आणि चष्म्याविना ६/६०. कायदा शाखा किंवा एज्युकेशन कोअरसारख्या पदव्युत्तर प्रवेशांना उणे ५.५० पर्यंत मोकळीक आहे. सिलिंडर तिन्हीकडे २ पर्यंत. नंबर आणि उघड्या डोळ्यांचं वाचन या दोन वेगळ्या अटी आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. चष्म्याच्या दुकानातून फक्त नंबराची चिठ्ठी आणून निश्चिंत होऊ नका. सहा मीटरवरचा तक्ता चष्मा काढून वाचून पाहा, एक डोळा झाकून, डोळे बारीक न करता.

हवाई दलाच्या फ्लाइंगचं गणित फार कडक आहे. तिथे एका डोळ्याला ६/६, दुसऱ्याला ६/९ लागतं आणि उणे नंबर जवळजवळ चालतच नाही. नौदलाचे निकष पुन्हा निराळे, शाखेगणिक बदलणारे. म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवा, मग त्या नोटिफिकेशनचं परिशिष्ट वाचा, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

माझ्यासोबत चिमणबागेत पळायला येणारा एक मुलगा होता. नंबर फक्त उणे २. त्याला सीडीएस द्यायची होती, म्हणजे चष्म्यासकट तो आरामात बसत होता. पण क्लासमधल्या कोणीतरी सांगितलं, "भिया, लेसर करवा ले, टेंशन खत्म." तेव्हा तो साडेएकोणीस वर्षांचा होता. क्लिनिकने नंबर स्थिर आहे का ते पाहिलं, पैसे घेतले, लेसर केलं. नजर झाली ६/६. आणि लष्कराचा नियम असा, की शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० पूर्ण झालेलं असलं पाहिजे. ही अट नंतर कशानेही भरून निघत नाही. वजन कमी करता येतं, दात भरून घेता येतात, पण शस्त्रक्रियेची तारीख बदलत नाही. ज्या चष्म्यासकट तो अधिकारी होऊ शकला असता तो चष्मा घालवून त्याने स्वतःचं दार बंद करून घेतलं. क्लिनिकने त्याला एकदाही विचारलं नाही की हे कशासाठी करतो आहेस, आणि त्यानेही सांगितलं नाही.

यातूनच एनडीएवाल्यांचं उत्तर मिळतं. एनडीएला जायचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. लेसर चालायला २० पूर्ण हवीत आणि वर १२ महिने जायला हवेत. एनडीएच्या लष्कर शाखेला लेसर केलेला डोळा चालतच नाही. तेव्हा एनडीएसाठी लेसरचा विचार डोक्यातून काढून टाका. मी बारावीला असताना एनडीए मुलींना खुली नव्हती, ती २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर झाली. माझ्यापुढे पदवीनंतरचाच रस्ता होता आणि त्या रस्त्यावर लेसर चालतं.

पण कसलं चालतं, ते नीट समजून घ्यायला हवं. मेडिकल बोर्ड तुम्हाला किती स्वच्छ दिसतं एवढंच पाहत नाही, लेसरनंतर डोळ्यात काय शिल्लक राहिलं तेही मोजतं. वय २० च्या पुढे, शस्त्रक्रियेला किमान १२ महिने, कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, मधली जाडी ४५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा जास्त, डोळ्याची लांबी म्हणजे ॲक्सियल लेंग्थ २६ मिलिमीटर किंवा कमी, उरलेला नंबर १ च्या आत आणि डोळ्यामागचा पडदा (रेटिना) निरोगी. हवाई दलात लांबीची मर्यादा २५.५ मिलिमीटर आहे आणि लेसरच्या आधीचा नंबर ६ च्या वर असलेले तिथे बाद होतात. जुन्या पद्धतीची, कॉर्नियावर ब्लेडने चिरे देण्याची रेडियल केराटॉटमी कुठेच चालत नाही.

जाडीचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं गणित आधी करता येतं आणि कोणी करत नाही. लेसर नंबर घालवतो म्हणजे कॉर्निया तासून सपाट करतो. एक नंबर उतरवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन जातात, किती ते तासलेल्या भागाच्या रुंदीवर ठरतं. माझा कॉर्निया ५३८ होता आणि उतरवायचा नंबर सिलिंडर धरून सव्वाचार. ६० ते ६५ जाणार, ४७० च्या वर राहणार, जागा होती. समजा कोणाचा कॉर्निया ५०५ आहे आणि नंबर ५. पाचाला ७० गेले, उरले ४३५. त्याला ६/६ दिसेल आणि तरी तो अनफिट ठरेल. तासलेला कॉर्निया पुन्हा वाढत नाही. म्हणून पॅकीमेट्रीचा, म्हणजे कॉर्नियाची जाडी मोजल्याचा, कागद हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका आणि ही वजाबाकी डॉक्टरांच्या समोर बसून करून घ्या.

लांबीचं तर त्याहून सरळ आहे. उणे नंबर बहुधा डोळा लांब असल्यामुळे येतो आणि लेसर फक्त पुढच्या काचेवर काम करतो. डोळा आत जेवढा लांब होता तेवढाच राहतो. २६.४ मिलिमीटरचा डोळा कितीही चांगल्या लेसरनंतर २६.४ च असणार. ही तपासणी दोन मिनिटांची, न दुखणारी आहे. माझी लांबी आली २५.१. त्या दिवशी मी केंद्राबाहेरच्या टपरीवर पोहे खाल्ले, कितीतरी दिवसांनी चव लागली.

हा लेसर ऊतक जाळत नाही, अगदी पातळ थर उडवतो. हे ज्यांनी शोधलं त्यांत मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर एक्सायमर लेसर चालवून पाहिला. कडा न करपता स्वच्छ खाच पडली. पुढे डोळ्यांची ही सगळी शस्त्रक्रिया त्या खाचेतून उभी राहिली. डोळ्यावर लेसर म्हटल्यावर आजी घाबरली होती, तिला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "शोधणारा आपला आहे ना, मग ठीक."

पद्धत निवडताना मी पीआरके घेतली. लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलतात, आत लेसर मारतात आणि झडप परत बसवतात. दुसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो. पीआरकेमध्ये झडप नसते, वरची त्वचा काढून थेट लेसर मारतात आणि ती त्वचा पुन्हा उगवते. नियमात दोन्ही चालतात. पण ॲकॅडमीत धक्के, पडझड, बॉक्सिंग असतं आणि जोराच्या माराने झडप सरकण्याचा धोका थोडा का होईना राहतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मी झडप नसलेला मार्ग घेतला.

पहिले चार दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. डोळ्यांवर पट्टीसारखी लेन्स, सतत पाणी, वाळू गेल्यासारखी चुरचुर. आईने खिडक्यांना जाड चादरी लावल्या, आजी उशाशी बसून पेपर वाचून दाखवायची. नजर स्वच्छ व्हायला महिना लागला, रात्री दिव्यांभोवतीची वलयं जायला तीन. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर सांगतील तसे कमी करत न्यायचे असतात, स्वतःच्या मनाने बंद केले तर कॉर्नियावर धुरकटपणा येऊ शकतो. मालव्याच्या उन्हात गॉगलशिवाय बाहेर पडायचं नाही. मी महिनाभर धूळ टाळली, पळणं बंद ठेवलं, घरातच बैठका मारल्या. आणि डोळे चोळायचे नाहीत, कधीच नाहीत.

आता कागदांचं. इथे मला विनाकारण त्रास झाला. जिथे लेसर केलं तिथून मला फक्त औषधांची चिठ्ठी आणि पावती मिळाली. बोर्डाला लागतात ऑपरेटिव्ह नोट्स: शस्त्रक्रियेची तारीख, प्रकार, केंद्राचं नाव, सही-शिक्का. त्या नसतील तर डोळा कितीही उत्तम असो, "कागदोपत्री पुरावा नसलेली शस्त्रक्रिया" म्हणून अनफिटचा शेरा बसतो. मला तीन चकरा माराव्या लागल्या. तिसऱ्या वेळी बाबा सोबत आले आणि कागद मिळेपर्यंत तिथून उठले नाहीत. तुम्ही पैसे भरण्याआधीच सांगा की हे फौजेसाठी आहे, अमुक कागद हवे आहेत. आधीचा नंबर, आधीची जाडी, टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा रंगीत नकाशा), सगळं एका फाइलमध्ये. झेरॉक्स वेगळी ठेवा.

काही जण विचारतात, लेसर केलं हे सांगायलाच हवं का? हो. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, झडपेची कड दिसते. झडप नसली तरी टोपोग्राफीत तासलेला सपाट भाग रंगांतून उमटतो. त्या खोलीतले डॉक्टर रोज हेच पाहतात. खोटं बोलून सुरुवात करायची ही जागा नाही.

भोपाळला माझी पाच दिवसांची एसएसबी झाली. शिफारस झालेल्यांची नावं वाचली गेली तेव्हा आनंद झाला आणि लगेच पोटात गोळा आला, कारण पुढे मेडिकल होती. डोळ्यांच्या खोलीत आधी तक्ता, मग रंग ओळखायची इशिहाराच्या ठिपक्यांची पुस्तिका. रंगदोष लेसरने जात नाही, त्यामुळे ही चाचणी इंदूरमध्येच आधी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब. त्यानंतर काही तास जवळचं वाचता येत नाही आणि ऊन सोसत नाही, म्हणून फॉर्म आधी भरून ठेवा. पडदा तपासताना मॅडमनी "वर बघ, खाली बघ, डावीकडे" असं बराच वेळ केलं. लांब डोळ्यांच्या कडेला पडदा पातळ झालेला असू शकतो आणि तो लेसरआधीच तपासून घ्यायला हवा. माझा तपासलेला होता, तरी त्या पाच मिनिटांत मी मनात रामरक्षा म्हटली. जाडी आली ४७१. फाइल उघडून त्यांनी तारीख पाहिली. चौदा महिने झाले होते.

तिथे अनफिट लागलं तर धीर सोडू नका. अपील मेडिकल बोर्डासाठी ४२ दिवस मिळतात. मळाने बंद झालेला कान, वाढलेलं वजन, किरकोळ शस्त्रक्रिया यांतून माणसं त्या मुदतीत फिट होऊन येतात. डोळ्यांच्या बाबतीत मोजणीत फरक वाटला तर बाहेर नीट तपासून जा. मात्र १२ महिने पूर्ण नसतील तर ४२ दिवसांनी बहुधा काही साधत नाही.

म्हणून वर्षांचा हिशेब आधी मांडा. पदवीधरांच्या दोन प्रशिक्षण ॲकॅडमी, त्यांपैकी आयएमएला (डेहराडून) कमाल वय २४, ओटीएला (चेन्नई) २५. सीडीएस वर्षातून दोनदा होते. विसावं पूर्ण झाल्यावर, नंबर वर्षभर हलला नसेल तर, लेसर. एकविसाव्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्षातून परीक्षा. मेडिकलला पोहोचेपर्यंत १२ महिने सहज होतात आणि हातात तीनचार प्रयत्न उरतात. तेविसाव्या वर्षी लेसर करणाऱ्याला एक किंवा दोनच. नंबर अजून वाढत असेल तर मात्र घाई करू नका. वाढत्या नंबरावर लेसर केलं की तो परत येतो आणि दुसऱ्यांदा तासायला कॉर्निया उरत नाही.

माझा मामेभाऊ आता अकरावीत आहे, नंबर उणे १.७५, एनडीए द्यायची आहे. मागच्या महिन्यात तो लेसरची जाहिरात घेऊन माझ्याकडे आला. मी त्याच्यासमोर परिशिष्ट ठेवलं आणि संबंधित ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावली. हल्ली तो पहाटे चिमणबागेत चष्म्याला मागून दोरी बांधून पळतो.