सत्तावन्नचे पंचाहत्तर होऊ नयेत म्हणून

लेकराला घरीच शिकवायचं ठरवलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: वावरात मोकळं सोडा, निसर्ग आपोआप शिकवतो. निसर्ग पुष्कळ शिकवतो, आकडे शिकवत नाही. माझी दोन, दिराची दोन आणि शेजारची तीन अशी सात लेकरं मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या आमच्या गावात अंगणातच शिकवली, चार ते सात या वयात. मोकळं सोडलेलं पोरगं दिवसभर बोरं खातं. त्यातही वाईट काही नाही, पण संध्याकाळी त्याला मोजता येत नसतं. रंग, आकार, जड-हलकं हे कुणालाही शिकवता येतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. इथे फक्त शंभरपर्यंतच्या आकड्यांबद्दल लिहिते, कारण घरच्या शाळा तिथेच अडतात.

सामान

तुरीचं मळणं झालं की तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे, वीतभर तुकडे करून ठेवा, १२० तरी. लागतात १०० आणि हरवतात वीस. कापायचं काम तुमचं, आणि रचलेल्या तुराट्यांत लेकराने हात घालायचा नाही, तिथे विंचू असतो. दहा-दहा तुराट्यांची मोळी बांधायला सुतळी नको, चार वर्षांच्या बोटांना गाठ जमत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची वेटोळी कापून घ्या. शिवाय दोन मुठी चिंचोके, थोडी राख आणि शिंप्याचा टेप.

मोजायला पाकिटातलं बियाणं देऊ नका. त्या सरकीला, सोयाबीनला रंगीत औषध चोळलेलं असतं आणि लेकरू दर तिसरा दाणा तोंडात घालतं. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण विषारी. एरंडीही तशीच.

वेळ सकाळची, मे महिन्यात आठच्या आत आटपायची. कपाशीवर फवारण्या सुरू झाल्या की लेकरू त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि ती तर मोठी माणसं होती.

शाळेचं काय, हे सासरच्या प्रत्येक माणसाने विचारून झालंय. घरी शिकवण्यासाठी शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात वेगळी तरतूद नाही. मात्र त्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे परतीची वाट मोकळी राहते. पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेतच.

पहिल्या दोन पायऱ्या

वेचून वेगळं करणं: चार दिवस.

दहापर्यंत मोजणं: चिंचोका खड्ड्यात पडला की एक आकडा. हातापुढे तोंड पळायला लागलं की थांबवा. दोन आठवडे.

अडणारी पायरी

माझा मोठा मुलगा सहा वर्षांचा असतानाची गोष्ट. पेरणीआधी आम्ही घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघतो. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलोचं नेहमीचं माप पुरतं, कमी उगवले तर बी वाढवावं लागतं. मोजायचं काम मी कौतुकाने मोठ्याला दिलं. त्याने मोजलं आणि कोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं, ७५. ह्यांनी ते वाचलं आणि ३० च्या मापाने पेरून टाकलं. तासं, म्हणजे पिकाच्या ओळी, विरळ निघाली. मग मी पोराला विचारलं, किती मोजले होते?

"सत्तावन्न."

"मंग पंच्याहत्तर काऊन लिवले?"

"सात पयले म्हन्तो ना आपन. मंग सात पयले लिवला."

त्याचं मोजणं बरोबर होतं. ५७ ला एकरी ३७ किलोच्या आसपास बी लागलं असतं. चूक माझी होती, आणि थोडी आपल्या भाषेची. मराठीत आपण सुटे आधी बोलतो आणि दहा नंतर, लिहिताना मात्र दहा आधी. लेकरू कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहितं. त्याआधी दोन महिने मी त्याला उलटा आकडा लिहिला म्हणून रागवत होते आणि तोच आकडा पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावत होते. तसं करू नका. आकडा गिरवून हात दुखतो, क्रम कळत नाही. एक ते शंभर पाठ करून घेणंही तसंच. पोरगं पाहुण्यांसमोर धडाधड म्हणून दाखवतं, आणि मधूनच त्रेसष्ट विचारलं की पुन्हा एकपासून सुरू करतं.

मग करायचं काय? मोळी लेकराने स्वतः बांधायची, दर वेळी. दहा तुराट्या मोजायच्या आणि वेटोळं चढवायचं. तुम्ही आयती मोळी दिलीत तर त्याच्या लेखी ती एक वस्तू असते, तिच्या पोटात दहा आहेत हे त्याला दिसत नाही. अंगणात राखेचे दोन गोल काढा. डावा मोळ्यांचा, उजवा सुट्यांचा. आणि लेकराच्या शेजारी बसा, समोर नाही. मी तीन आठवडे समोर बसून शिकवलं. माझं डावं ते त्याचं उजवं, म्हणजे उलटं लिहायची सवय मीच लावत होते.

पहिला दीड महिना सत्तावन्न हा शब्द काढायचाच नाही. पाच मोळ्या आणि सात सुट्या म्हणजे "पाच दहा सात". २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा मराठी बुडाली म्हणून केवढा गदारोळ झाला. पुस्तकात जुनी नावंही होती, ते कुणी बघितलं नाही. माझं मत सरळ आहे: ही पद्धत शिडी म्हणून उत्तम, पण शिडीवर घर बांधू नये. बाजारात कापूस मोजणारा "पाच दहा सात किलो" म्हणत नाही.

दीड महिन्यानंतर खरी नावं आणा, तीही क्रमाने नाही. आकड्याचं शेपूट ऐकायला शिकवा. त्रेसष्ट, चौसष्ट, अडुसष्ट, सगळ्यांच्या शेवटी सष्ट. ते कानावर पडलं की आधी सहा मोळ्या डाव्या गोलात, मग आकड्याचं डोकं आठवून सुट्या उजव्या गोलात. हत्तर म्हणजे सात मोळ्या. वन्न आणि पन्न म्हणजे पाच. ण्णव म्हणजे नऊ. मी साठीपासून सुरुवात करते, कारण ते शेपूट सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतं. अकरा ते अठरा शेवटी घ्या. पुस्तकांत ते पहिले असतात, पण त्यांना धड शेपूटच नाही, ते नुसते पाठ करावे लागतात. माझ्या धाकटीला अडुसष्ट आधी आलं आणि चौदा नंतर. सासूबाईंना त्याचा आजही राग आहे.

शेपटाला फसवणारे आकडे आठ: एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे सगळे एकोण. एकोणसाठ ऐकल्यावर लेकरू सहा मोळ्या मांडणार. मांडू द्या. मग म्हणा, "एक ऊन, एक कमी कर." सुटी तुराटी तर एकही नाही. आता मोळी सोडावी लागते, हे त्याचं त्याला सुचेपर्यंत गप्प बसा. दिराचा धाकटा एकदा पाऊण तास मोळ्यांकडे बघत बसला होता, मध्ये उठून पाणी पिऊन आला, आणि मग त्याने वेटोळं काढलं. एक तुराटी बाजूला ठेवली, उरलेल्या नऊ उजव्या गोलात. त्या पाऊण तासात मी तोंड उघडलं असतं तर पुढे आठवडाभर तेच समजावत बसावं लागलं असतं. नव्याण्णव मात्र एकोण नाही, ते साध्या शेपटाने येतं. तसं सांगून टाका, कारण विचारलं तर "भाषा आहे बाबा" म्हणा.

लिहिणं याच्या मागोमाग, गोलाखालच्या धुळीत बोटाने. डाव्या गोलाखाली मोळ्यांचा अंक, उजव्याखाली सुट्यांचा. वही त्यानंतर महिन्याने.

रोज एक आकडा

आकडे टिकायला रोजचं काम लागतं. आम्ही अंगणात १०० सेंटीमीटरची काठी उभी रोवतो आणि सावली सर्वांत आखूड असते तेव्हा, हिवाळ्यात सव्वाबारा ते साडेबाराच्या सुमारास, टेपने मोजतो. डिसेंबर संपताना सावली ९७-९८ भरते, जवळजवळ काठीएवढी. फेब्रुवारीअखेर ५५ च्या आसपास, २१ मार्चला ३८. सगळे दोन अंकी आकडे, आणि रोज थोडे उतरणारे, त्यामुळे लेकरू आज किती असेल ते आधीच सांगायला लागतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सावली काठीच्या बुडाशीच गुडूप होते. ती बघायला पाच मिनिटं पुरतात, डोक्याला दुपट्टा बांधून जा.

शंभर दाणे

पेरणीच्या आधी परीक्षा. ओल्या गोणपाटावर दहा दाण्यांची एक ओळ, अशा दहा ओळी लेकराकडून मांडून घ्या. बी घरचं, औषध न लावलेलं. गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, पाच-सहा दिवसांनी उघडा. गुंडाळी सावकाश सोडा, मोड गोणपाटात अडकून तुटतात आणि मग तो दाणा उगवलेला धरायचा की नाही यावर भांडण होतं. दर उगवलेल्या दाण्यामागे एक तुराटी, दहा झाल्या की मोळी, मग धुळीत आकडा, मग तोंडाने नाव. सगळं जुळलं तरच कोळसा हातात.

आमच्या भिंतीवर ते ७५ अजून पुसट दिसतं. त्याच्या शेजारी मागच्या जूनमध्ये धाकटीने ८१ लिहिलं. ह्यांनी ते वाचलं, काही बोलले नाहीत, खाली बसून मोळ्या मोजल्या आणि मगच बियाण्याचं पोतं सोडलं.