पेनसिल्व्हेनियात सायबर शाळा: पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरी शिकवताना

पेनसिल्व्हेनियातल्या एक्स्टन गावाच्या बाजूला नवीन आलेल्या मराठी घरांतून मला हमखास विचारलं जातं, "तुम्ही लेकीचं होमस्कूलिंग करता ना? आम्हालाही सांगा कसं सुरू करायचं." सांगण्याआधी मी एक फरक समजावते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. माझी लेक घरी शिकते, पण कायद्याने ती होमस्कूलर नाही. तिचं नाव सायबर चार्टर शाळेत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या ऑनलाइन शाळेत) आहे, म्हणजे ती सरकारी शाळेचीच विद्यार्थिनी. इथलं खरं होमस्कूलिंग १९८८ च्या कायद्याने चालतं. त्यात पालक डिस्ट्रिक्टच्या (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या) सुपरिंटेंडंटकडे प्रतिज्ञापत्र देतात, अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, वर्षभराच्या कामाची फाइल ठेवतात आणि शेवटी ती पात्र मूल्यमापकाला दाखवतात. सायबर शाळेत पुस्तकं, शिक्षिका, हजेरी, परीक्षा सगळं शाळेचं असतं. तुम्हाला आवडेल ते, आवडेल तेव्हा शिकवायचं असेल, तर सायबर शाळा तुमच्यासाठी नाही. ठरलेला अभ्यासक्रम, शाळेची शिक्षिका आणि फी शून्य, पण मूल घरी, असं हवं असेल तर पुढे वाचा.

फी शून्य कशी, हेही सांगते, कारण "यात काहीतरी छुपं असणार" असं सगळ्यांनाच वाटतं. तुम्ही ज्या डिस्ट्रिक्टमध्ये राहता, ते तुमच्या मुलामागे सायबर शाळेला पैसे देतं. कंप्युटर, मॉनिटर, प्रिंटर आणि सगळं शैक्षणिक साहित्य शाळेनेच द्यायचं आणि इंटरनेटची सोय करायची किंवा त्याचा खर्च परत करायचा, हे राज्याच्या कायद्यातच लिहिलं आहे. आमच्याकडे खोके आले तेव्हा त्यात पुस्तकं, मोजायचे ठोकळे, पुसता येणारी पाटी, अगदी कात्रीसुद्धा होती. पण ऑनलाइन जाहिरातींत खासगी शाळाही असतात आणि दिसायला त्या अगदी अशाच दिसतात. नाव नोंदवण्याआधी राज्याच्या शिक्षण खात्याच्या यादीत ती शाळा सायबर चार्टर म्हणून आहे का, ते बघा. बऱ्याच डिस्ट्रिक्टांचा स्वतःचा ऑनलाइन वर्गही असतो, तोही मोफत. मूल पुढे-मागे जवळच्या शाळेत जाईल असं वाटत असेल, तर आधी तिथे चौकशी करा. परतताना सोपं पडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शाळेच्या कागदांवर तुमचं पद 'लर्निंग कोच' असं असतं. ऐकायला हलकं वाटतं, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते पूर्ण दिवसाचं काम आहे. मोठी मुलं लॉगिन करून आपली आपण बसतात. किंडरगार्टनमधल्या (पहिलीच्या आधीच्या वर्गातल्या) मुलाला सूचना वाचता येत नाहीत, माउस धरता येत नाही, आणि बाईंनी "म्यूट काढ" म्हटलं की ते आपल्या तोंडाकडे बघतं. मी एच-फोर (इथे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावर आहे, वर्क परमिट नाही, म्हणून मी दिवसभर टेबलाशी बसू शकते. दोघंही नोकरी करणाऱ्या, "मीटिंगच्या मधेमधे बघू" म्हणणाऱ्या जोडप्यांना मी स्पष्ट नको म्हणते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २०१५ मध्ये देशभरातल्या ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास केला. तिथली मुलं एका वर्षात तशाच इतर मुलांपेक्षा वाचनात ७२ आणि गणितात तब्बल १८० शाळेच्या दिवसांएवढी मागे पडत होती. १८० दिवस म्हणजे अख्खं शालेय वर्ष. हा आकडा वाचूनही मी हा रस्ता धरला, कारण आमच्या घरी दिवसभर एक मोठं माणूस मोकळं आहे. तुमच्या घरी कोण बसणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवा. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले आहेत, एवढ्यावर वर्षाचा निर्णय घेऊ नका.

प्रवेशाचे कागद फार नाहीत. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा (घराचं लीज, विजेचं बिल), लसीकरणाची नोंद. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर मुलाचा पासपोर्ट द्या. व्हिसाची काळजी करू नका. इमिग्रेशनचा दर्जा काहीही असला तरी मुलांना सरकारी शाळा बंद करता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे.

भारतातून आलेल्या मुलांचं घोडं अडतं ते लसींपाशी. मूल घरी शिकत असलं तरी लसींचे नियम तेच. इथे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचे (एमएमआर) दोन डोस धरले जातात. आपल्या सरकारी दवाखान्यात मिळते ती एमआर, तिच्यात गालगुंड नाही. खासगी डॉक्टरांकडे नवव्या महिन्यात एमएमआर दिली असेल, तर तो डोसही मोजत नाहीत, कारण पहिला डोस वाढदिवसानंतरचा लागतो. कांजिण्यांचे दोन डोस हवेत, ते आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. एप्रिल २०१६ पासून दिलेले पोलिओचे तोंडी थेंब इथे हिशेबात घेत नाहीत, इंजेक्शनं घेतात, आणि शेवटचं चौथ्या वाढदिवसानंतरचं हवं. बीसीजी कोणी विचारत नाही. म्हणून उन्हाळ्यातच मुलांच्या डॉक्टरांकडे कार्ड घेऊन जा, काही डोसांमध्ये ठरलेलं अंतर ठेवावं लागतं. त्याच भेटीत शाळेचा तब्येत तपासणीचा फॉर्म भरून घ्या. दातांच्या तपासणीचा फॉर्म वेगळा असतो.

एका कागदावर मात्र थांबा: घरच्या भाषेची पाहणी. त्यात विचारतात, मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलायला लागलं, घरात काय बोलता. ओळखीतल्या कित्येकांनी "चाचणीची कटकट नको" म्हणून तिथे इंग्रजी लिहिलं. मी मराठी लिहिलं आणि तुम्हीही लिहा. मग विडाची (मुलाला इंग्रजी किती येतं ते बघणारी) छोटी चाचणी होते. मुलाला इंग्रजीत आधार लागतो असं दिसलं, तर शाळेला खास शिक्षिका द्यावी लागते, तीही फुकट. आईवडील ही मदत नाकारू शकतात, पण वर्षातून एकदा होणारी इंग्रजीची चाचणी तरीही द्यावी लागते. माझ्या लेकीला या तासाचा जेवढा फायदा झाला तेवढा बाकी कशाचा झाला नाही. चार-पाच मुलांचा गट होता, म्हणून तिला बोलायला मिळायचं. मोठ्या वर्गात ती नुसती बघत बसायची.

आता दिवस कसा लावायचा. पोर्टल उघडलं की डाव्या बाजूला कामांची लांबलचक यादी दिसते आणि धडकी भरते. यादीच्या क्रमाने जाऊ नका. आदल्या रात्री दहा मिनिटं बसा, उद्याचे लाइव्ह तास कागदावर लिहा आणि बाकीचं काम त्यांच्या मधे बसवा. राज्याच्या नियमाने किंडरगार्टनला वर्षाला ४५० तास आणि पहिलीपासून ९०० तास शिकवणं लागतं. १८० दिवसांत वाटलं तर रोज अडीच, मग पाच तास. हा सगळा वेळ पडद्यासमोर जात नाही. आमच्या शाळेत पुस्तकातली पानं, मोठ्याने वाचन, ठोकळ्यांचं गणित हेही त्यात धरतात. मी वाचन आणि गणित सकाळी, लाइव्ह तासाआधी उरकते. दुपारी जेवणानंतर वरणभात पोटात गेला की मुलाकडून बेरीज करून घेणं म्हणजे दोघांनाही शिक्षा. तेव्हा चित्रकला, विज्ञानाचं पान, बाहेर चक्कर.

लाइव्ह तासाला मुलाच्या शेजारी बसा, समोर नाही आणि कॅमेऱ्यात तर नाहीच. उत्तर सांगू नका. बाईंनी प्रश्न विचारला आणि मूल गप्प बसलं, तर ती शांतता बाईंना ऐकू द्या. त्यांना त्यातूनच कळतं मूल कुठे अडलं आहे. आपण कुजबुजून उत्तर दिलं, तर बाईंच्या नोंदीत 'येतं' असं जातं आणि पुढचा धडा डोक्यावरून जातो. कॅमेरा चालू ठेवा. आठवड्यातून निदान एकदा शाळेच्या माणसाने मुलाला, पडद्यावर का होईना, डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच्याशी बोललंच पाहिजे, असा नियम २०२४ च्या कायद्याने आला आहे.

वाचनाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्याला स्वतःला सराव लागतो. इथे ए, बी, सी या नावांपेक्षा आवाज आधी शिकवतात. बी या अक्षराचा आवाज 'ब' नाही, 'ब्' आहे. हलन्त, पुढे अ नाही. आपण 'ब-अ‍ॅ-ट' म्हणत राहिलो तर मुलाला 'बॅट' जुळवता येत नाही, 'ब्-अ‍ॅ-ट्' म्हटलं की लगेच जुळतो. पाय मोडणं आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, ते इथे कामी येतं. अ‍ॅ आणि ए, म्हणजे 'बॅट' आणि 'बेट', यांतला फरक घरात ठासून बोला. व्ही आणि डब्ल्यूसाठी आपण दोन्हीकडे 'व' म्हणतो. बाई व्हीला वरचे दात खालच्या ओठावर ठेवायला सांगतात आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू करायला. मुलीसोबत मीही आरशासमोर उभी राहून ते केलं. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज. चेस्टर काउंटी लायब्ररी एक्स्टनमध्येच आहे, कार्ड फुकट, आणि सोप्या वाचनाच्या पुस्तकांची वेगळी कपाटं आहेत. तिथल्या बायकांना "सीव्हीसी शब्दांची पुस्तकं" (व्यंजन-स्वर-व्यंजन, म्हणजे 'बॅट'सारखे शब्द) म्हटलं की त्या बरोबर काढून देतात.

गणितात घाई करू नका. आपल्याला पाढ्यांची ओढ असते. किंडरगार्टनमध्ये अपेक्षा एवढीच असते की शंभरपर्यंत मोजता यावं, पाचच्या आतली बेरीज-वजाबाकी सहज यावी आणि दहा हा आकडा वेगवेगळ्या जोड्यांत फोडता यावा. हे फोडणं पक्कं झालं की पहिलीत आठ अधिक पाच करताना मूल पाचातले दोन आठला देऊन दहा करतं आणि उरलेले तीन मिळवतं. त्यासाठी बारा अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, टोकाचे दोन खळगे कापा. पाच-पाचच्या दोन ओळी उरतात. त्यात राजमा ठेवत जा. ॲपमधल्या उड्या मारणाऱ्या बेडकांपेक्षा हे लवकर डोक्यात बसतं. पहिलीत नाणी आली की खरी नाणी द्या. डाइम निकेलपेक्षा लहान असूनही दुप्पट किमतीचा, हे चित्रात मुलांना पटत नाही.

हजेरी रोजच्या रोज भरा. इथे सबबीशिवाय तीन दिवस गैरहजर राहिलं की मूल कायद्याने 'ट्रुअंट' ठरतं, आणि सहा दिवसांनी प्रकरण आणखी वाढतं. घरीच तर आहे, असं म्हणून चालत नाही. आजारपणाची चिठ्ठीही पाठवावी लागते. भारतात जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी शाळेला लेखी विचारा. लागोपाठ दहा दिवस परवानगीशिवाय गेले तर नाव पटावरून काढलं जातं. उन्हाळी वेळेत इथले सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. घड्याळ जुळतं, पण शाळेचा लॅपटॉप देशाबाहेर नेता येतो का, तिथून लॉगिन चालतं का, हे उत्तर ईमेलवर घेऊन ठेवा.

मुलाला सोबत कुठून मिळणार, हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता आणि तो योग्यच होता. ही सोबत शाळेवर सोडू नका. लायब्ररीतला गोष्टींचा तास, रविवारची मराठी शाळा, व्हॅली फोर्जच्या मैदानावर (प्रवेश फुकट आहे) इतर सायबर कुटुंबांबरोबर ठरवलेली दुपार, यांतलं निदान एक तरी दर आठवड्याला ठरलेल्या वारी असू द्या. तुमच्या शाळेत एखादा खेळ किंवा उपक्रम नसेल, तर राहत्या डिस्ट्रिक्टच्या उपक्रमात भाग घेण्याचा चार्टर शाळेच्या मुलांना कायद्याने हक्क आहे. डिस्ट्रिक्टच्या अटी तेवढ्या पाळाव्या लागतात.

तिसरीपासून राज्याच्या पीएसएसए परीक्षा सुरू होतात, त्या शाळेने ठरवलेल्या केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. तोवर वेळ आहे. पण दर हिवाळ्यात, पुढच्या वर्षीचा फॉर्म येण्याआधी, बाईंशी स्वतंत्र वेळ मागून बसा आणि सरळ विचारा: वाचनात ती इयत्तेच्या कुठे आहे, कोणत्या चाचणीवरून तुम्ही हे सांगता? उत्तर समाधानाचं नसेल आणि दोन-तीन महिन्यांनीही तसंच असेल, तर जवळच्या शाळेत जा. त्यासाठी आधी डिस्ट्रिक्टमध्ये नाव घाला, तिथली तारीख पक्की झाली की सायबर शाळेला नाव कमी करायचं लेखी कळवा. दोन्हींच्या मधे एकही दिवस मोकळा सोडू नका. लॅपटॉप आणि प्रिंटर परत पाठवायची लेबलं शाळा देते. पावती जपून ठेवा आणि मुलाच्या कामाची वही मात्र परत करू नका, नव्या बाईंना दाखवायला लागेल.